मठातले पिंप आणि गावातला पब

'पब' हा शब्द आपल्याकडे फार बदनाम झाला आहे. मुंबईत आणि उपनगरांत या नावाची जी ठिकाणे निघाली, तेथे अंधार, कानठळ्या बसविणारे संगीत आणि खिशाला न परवडणारे दर या तीन गोष्टी हमखास आढळतात. साहजिकच शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या मुलाने 'आज मित्रांबरोबर पबमध्ये जेवलो' असे घरी कळविले, की इकडे आईच्या रोझरीत एक दशक वाढते. गोव्यातील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे आज स्विंडनसारख्या इंग्रजी शहरांत स्थायिक झालेली आहेत. त्यांच्या नातलगांनाही हा शब्द पत्रातून, फोनवरून वारंवार भेटत असतो. तेव्हा ही 'पब' म्हणजे काय चीज आहे आणि तेथे मिळणाऱ्या 'एल' नावाच्या पेयाचा आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी काय संबंध आहे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावा असे आम्ही योजिले आहे.

'पब' हे 'पब्लिक हाऊस' या शब्दांचे लघुरूप. शब्दशः अर्थ सार्वजनिक घर. घर या शब्दाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. पूर्वी ते खरोखरच कोणाचे तरी घर असे. घरात तयार केलेली एल दारी आलेल्याला विकली जाई आणि शेजारी चुलीपुढे बसून ती पीत. पुढे घराचे दुकान झाले, दुकानाची कंपनी झाली. पण शेकोटी, लाकडी बाके आणि ओळखीचा मालक ही घराची लक्षणे चांगल्या पबने अद्याप टाकलेली नाहीत.

मठांची देणगी

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या चाळिसाव्या प्रकरणात पेयाचा विचार आहे. संन्याशाने द्राक्षारस घेऊच नये हे खरे, परंतु हे आजच्या संन्याशांना पटविणे शक्य नसल्याने निदान पोट भरेपर्यंत न पिता माफक घ्यावा, अशा आशयाचे ते प्रकरण आहे. माणूस जसा आहे तसा ओळखून त्याला वर उचलण्याची बेनेडिक्टांची ही रीत आम्हांला फार शहाणपणाची वाटते.

आल्प्स पर्वताच्या उत्तरेस जसजसे जावे तसतशी द्राक्षे दुर्मीळ होत जातात आणि जव मुबलक मिळतात. तेथील मठांनी मग द्राक्षारसाऐवजी जवाचे पेय जवळ केले. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलेन येथे नवव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका आदर्श मठाचा नकाशा आजही जतन केलेला आहे. त्यात एक नव्हे, तीन ब्रुअऱ्या दाखविल्या आहेत. एक मठवासीयांसाठी, दुसरी प्रतिष्ठित पाहुण्यांसाठी आणि तिसरी यात्रेकरू व गोरगरिबांसाठी. प्रत्येकीला लागून भटारखाना आहे. पाव आणि एल ही एकाच धान्याची आणि एकाच खमिराची भावंडे, म्हणून ती एका छपराखाली नांदत. गरिबांसाठी वेगळी भट्टी राखणारी ही योजना पाहिली म्हणजे मठाच्या दृष्टीने एल ही चैन नव्हती, ती अन्नदानाचा भाग होती, हे ध्यानी येते.

एलमध्ये कडवटपणा आणणाऱ्या आणि ती टिकविणाऱ्या हॉप या वेलीच्या फुलांचा उल्लेखही एका संन्यासिनीच्या लेखणीतून उतरला आहे. जर्मनीतील संत हिल्डगार्ड ऑफ बिंगेन (१०९८ ते ११७९) यांनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात, हॉपचा कडवटपणा पेयाला नासू देत नाही, असे नोंदविले आहे. ख्रिस्तसभेच्या जुन्या लॅटिन विधिग्रंथात तर बिअरला आशीर्वाद देण्याची स्वतंत्र प्रार्थनाच आढळते.

एल करणाऱ्या स्त्रिया

मठाबाहेर मात्र हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे होते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घरोघरी गृहिणी एल तयार करीत. हॉपविना केलेली ही एल चार-पाच दिवसांत आंबट होऊन जाई, म्हणून ती वारंवार आणि थोडी थोडी करावी लागे. घरची गरज भागून उरलेली विकण्यासाठी दारावर काठी बांधून तिला झुडपाची फांदी लटकवीत. ती खूण पाहून 'एलकॉनर' नावाचा अधिकारी येई, चव घेई आणि माप तपासी. १२१५ च्या मॅग्ना कार्टात धान्य व द्राक्षारसाबरोबर एलसाठीही देशभर एकच माप असावे, असे कलम आहे. १२६६ च्या सुमारास झालेल्या कायद्याने तर एलचा भाव धान्याच्या भावाशी बांधून टाकला. गरिबाच्या ताटातली आणि पेल्यातली वस्तू न्याय्य भावाने मिळावी, ही त्यामागची दृष्टी होती.

या स्त्रियांपैकी एकीचे नाव अध्यात्माच्या इतिहासात अजरामर झाले आहे. नॉरफोक परगण्यातील लिन या बंदराच्या गावी राहणारी मार्जरी केम्प ही चौदा मुलांची माता. तिने तीन-चार वर्षे गावातील मोठा एलचा धंदा चालविला. पण पुढे प्रत्येक वेळी खमिराचा फेस वर येऊन अचानक बसू लागला, एल बिघडू लागली, नोकर सोडून गेले. आपल्या गर्वाला देवाने दिलेली ही शिक्षा आहे, असे तिने मानले आणि ती प्रार्थना व तीर्थयात्रांकडे वळली. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिने सांगून लिहविलेले आत्मकथन हे इंग्रजी भाषेतील पहिले आत्मचरित्र समजले जाते. त्याचे हस्तलिखित १९३४ साली पुन्हा सापडले. आजचा ब्रुअर कदाचित म्हणेल की बाईच्या भांड्यात रानटी खमीर शिरले असावे. पण फसलेल्या धंद्यातून देवाचा आवाज ऐकणारी ही प्रापंचिक स्त्री आम्हांला अधिक खरी वाटते.

पंधराव्या शतकात फ्लँडर्सकडून हॉप घातलेली बिअर इंग्लंडमध्ये आली. ती टिकाऊ असल्याने मोठ्या प्रमाणावर करता येई, दूरवर पाठविता येई. त्यासाठी भांडवल हवे, मोठी भांडी हवीत. हळूहळू धंदा पुरुषांच्या आणि श्रीमंतांच्या हाती गेला आणि दारावर फांदी लावणारी गृहिणी मागे पडली. स्त्रियांच्या हातून त्यांचाच उद्योग निसटण्याची ही कथा पुढे गिरण्यांच्या काळात कितीतरी देशांत घडली.

धर्मग्रामाची एल

आमच्या वाचकांना सर्वांत नवल वाटेल ते 'चर्च एल' या प्रथेचे. धर्मसुधारणेपूर्वीच्या इंग्लंडमध्ये धर्मग्रामाचे विश्वस्त घरोघर फिरून माल्ट गोळा करीत, चर्चच्या शेजारच्या 'चर्च हाऊस'मध्ये मोठ्या भांड्यांत एल तयार करीत आणि पेंटेकॉस्टच्या सणाला सारा गाव अंगणात जमून ती विकत घेई. नाच, खेळ, धनुर्विद्येच्या स्पर्धा यांची जोड असे. मिळालेल्या पैशातून छप्पर शाकारले जाई, घंटा दुरुस्त होई, वेदीवरच्या मेणबत्त्या येत आणि गरिबांना मदत मिळे. विश्वस्तांच्या जुन्या हिशेबवह्यांतून माल्टचा खर्च आणि एलची कमाई ओळीने मांडलेली दिसते. आपल्याकडे फेस्ताच्या दिवशी खाद्यपदार्थांचे स्टॉल लावून हॉलसाठी निधी उभारतात, त्याचाच हा जुना अवतार नव्हे काय?

लग्नाच्या वेळी वधूच्या साहाय्यार्थ विकली जाई ती 'वधूची एल'. इंग्रजीतील 'ब्रायडल' हा शब्द त्या जोडशब्दापासूनच झालेला आहे. पुढे सुधारणावादी मंडळींना या मेळाव्यांत दंगा आणि जुन्या श्रद्धेचा वास दोन्ही येऊ लागले आणि प्रथा दडपली गेली. डेव्हन परगण्यात मात्र 'चर्च हाऊस इन' या नावाचे पब चर्चच्या भिंतीला लागून अजूनही दिसतात. नावातच त्यांचे कूळ राहिले आहे.

१५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत आठव्या हेन्रीने देशातील सारे मठ बंद पाडले. त्यांबरोबर मठांच्या ब्रुअऱ्याही गेल्या. पण फलकांवरची चित्रे पुसली गेली नाहीत. राजपत्रांतून पोपमहोदयांचे नाव खोडले गेले, तरी 'क्रॉस कीज' म्हणजे संत पेत्राच्या किल्ल्या पबच्या दारावर झुलतच राहिल्या. 'लॅम्ब अँड फ्लॅग' हे पताका धरलेले देवाचे कोकरू. 'सॅल्युटेशन' म्हणजे गॅब्रिएल दूताने पवित्र मरियेला केलेले नमन. 'एंजल', 'मायटर', 'बेल' ही नावे तर शेकडो. अक्षरशत्रू शेतकऱ्याने आपली जुनी श्रद्धा अशा रीतीने नकळत दारावर टांगून ठेवली.

एकदा तर पबने प्रत्यक्ष ख्रिस्तसभेला आसरा दिला. अठराव्या शतकात लंडनमध्ये कॅथोलिक उपासनेला कायद्याने बंदी होती. खबर देणाऱ्याला बक्षीस मिळे. त्या काळी बिशप रिचर्ड चॅलोनर (१६९१ ते १७८१) हे हॉबर्न भागातील 'शिप' या पबच्या खोलीत भाविकांना प्रवचन देत, असे सांगितले जाते. प्रत्येकासमोर बिअरचा पेला ठेवलेला असे. कोणी परका आत डोकावला तर त्याला मित्रमंडळी गप्पा मारीत बसलेली दिसावी, हा हेतू. पेला पुढ्यात ठेवून, तो न पिता, शुभवर्तमान ऐकणाऱ्या त्या माणसांची मूर्ती आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

बर्टन ते मुंबई

मठ गेले, तरी त्यांनी निवडलेल्या जागा राहिल्या. इंग्लंडच्या मध्यभागी ट्रेंट नदीकाठी बर्टन येथे अकराव्या शतकाच्या आरंभी स्थापलेला बेनेडिक्टाइन मठ होता. तेथील विहिरींच्या पाण्यात जिप्समचे प्रमाण फार. त्यामुळे एल स्वच्छ, तजेलदार आणि कडवट उतरते. मठ १५३९ साली बंद पडला, पण पाणी तेच राहिले. १७७७ मध्ये विल्यम बास याने त्या गावी ब्रुअरी काढली. तिचा तांबडा त्रिकोण १८७६ च्या १ जानेवारीस नोंदविला गेला. तो ब्रिटनमधील पहिला नोंदणीकृत व्यापारचिन्ह ठरला.

या व्यवसायाचे एक टोक आपल्या मुंबई बंदरात येते. लंडनमधील हॉजसनच्या बो ब्रुअरीची आणि पुढे बर्टनच्या बास व ऑलसॉप यांची फिकट रंगाची, भरपूर हॉप घातलेली एल ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून आफ्रिकेला वळसा घालून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला येई. कित्येक महिन्यांच्या डुलत्या प्रवासात ती पिंपातच मुरे आणि उतरताना अधिक चवदार होई. हिलाच पुढे 'इंडिया पेल एल' हे नाव पडले. एका हुशार ब्रुअरने खास भारतासाठी तिचा शोध लावला, ही लोकप्रिय कथा अभ्यासकांना आता मान्य नाही. इंग्लंडमध्ये आधीच असलेला प्रकार या व्यापारात हळूहळू घडत गेला, असे ते मानतात. अधिकारी ही फिकट एल पीत, तर साध्या गोऱ्या शिपायांसाठी काळपट पोर्टर येई. पेल्यातही पायरी होतीच.

दुसरी बाजू

इतके गुणगान केल्यावर दुसरी बाजू न सांगणे हे सत्याशी प्रतारणा करणे होईल. १८१४ च्या १७ ऑक्टोबर रोजी लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवरील मो यांच्या ब्रुअरीत पोर्टरने भरलेले बावीस फूट उंचीचे प्रचंड पिंप फुटले. त्याच्या तडाख्याने भिंत कोसळली आणि मागच्या सेंट जाइल्स वस्तीत पोर्टरची लाट घुसली. तेथे दाटीवाटीने गरीब आयरिश कुटुंबे राहत. एका तळघरात दोन वर्षांच्या बाळाच्या प्रेताभोवती जागरण चालले होते. शोक करणारी पाच माणसे तेथेच मरण पावली. एकूण बळी आठ, सारे स्त्रिया आणि मुले. चौकशीत हा दुर्दैवी अपघात ठरला. वाया गेलेल्या पोर्टरवरचा कर मालकांना पार्लमेंटने परत दिला, मृतांच्या नातलगांना ब्रुअरीकडून काही मिळाले नाही. लोक रस्त्यावर ओंजळीने दारू पीत होते, ही पुढे जोडलेली कथा त्या वेळच्या वृत्तपत्रांत नाही. गरिबांच्या मरणालाही चेष्टेचा विषय करणारे लोक सर्वकाळी असतात.

अपघात एक दिवसाचा, व्यसन मात्र रोजचे. मजुरीच्या दिवशी पबमध्ये रिकामा होणारा बापाचा खिसा आणि घरी उपाशी झोपणारी मुले हे एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड-आयर्लंडचे वास्तव होते. १८३८ साली कॉर्क येथे कॅपुचिन धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ आरंभिली आणि लक्षावधी लोकांनी त्यांच्यासमोर शपथ घेतली. लंडनमध्ये कार्डिनल मॅनिंग यांनी 'लीग ऑफ द क्रॉस' ही संघटना उभारून मजुरांत तेच कार्य केले. संत बेनेडिक्टांचा माफक पेला आणि फादर मॅथ्यूंची शपथ ही दोन्ही एकाच ख्रिस्तसभेची लेकरे आहेत. ज्याला माप सांभाळता येते त्याला पहिली वाट मोकळी आहे. ज्याला येत नाही त्याच्यासाठी दुसरी वाट केवळ चांगली नव्हे, ती एकमेव आहे. आपल्या समाजात लग्नघरी, बारशाला, इतकेच काय अंत्यविधीनंतरही बाटली उघडली जाते आणि तिच्यापायी किती संसार उघडे पडले, हे धर्मग्रामात काम करणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

चार मित्रांचे बंड

आता विसाव्या शतकाकडे वळू. १८७१ साली लुई पाश्चर यांनी लंडनमधील व्हिटब्रेड ब्रुअरीला भेट देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तेथील यीस्ट तपासले आणि त्यातील दोष दाखवून दिला. १८७६ मध्ये त्यांचा बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. नासाडी टळली, विज्ञानाचे उपकार झाले. परंतु त्याच शास्त्राचा आधार घेऊन पुढे मोठ्या कंपन्यांनी बिअर गाळून, तापवून, तिच्यातील खमीर मारून, धातूच्या बंद 'केग'मध्ये भरली आणि कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबाने ती पेल्यात ढकलण्यास सुरुवात केली. ती नासत नसे, सांभाळायला कौशल्य लागत नसे, सगळीकडे एकसारखी लागे. मात्र तिच्यातला जीव गेलेला असे.

१९०० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सहा हजारांहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. १९७० पर्यंत ब्रुअरी कंपन्यांची संख्या दोनशेच्या आत आली. सहा बड्या कंपन्यांनी लहानांना विकत घेऊन बंद पाडले होते. पब बहुधा कंपनीच्याच मालकीचे, त्यामुळे गिऱ्हाइकाला निवड उरली नाही.

अशा वेळी १९७१ च्या मार्च महिन्यात वायव्य इंग्लंडमधील चार तरुण मित्र आयर्लंडच्या पश्चिम टोकावरील डनक्विन या खेड्यात सहलीला गेले. मायकल हार्डमन, ग्रॅहॅम लीस, बिल मेलर आणि जिम मेकिन ही त्यांची नावे. तेथील क्रूगर्स बारमध्ये बसून त्यांनी बिअरच्या रक्षणासाठी एक संघटना काढली. तिचे नाव लवकरच 'कॅम्पेन फॉर रिअल एल', संक्षेपाने 'कॅम्रा', असे ठरले. १९७२ मध्ये नन्ईटन येथील एका पबमध्ये पहिली वार्षिक सभा झाली. १९७३ साली स्टॅफर्डशायरमधील स्टोन गावी जूल्स ही जुनी ब्रुअरी बंद होऊ नये म्हणून सभासदांनी मोर्चा काढला. त्या गावातही एके काळी ऑगस्टिनियन व्रतस्थ एल करीत असत. ब्रुअरी १९७४ मध्ये बंद पडलीच. पण त्याच वर्षी 'गुड बिअर गाइड' हे चांगल्या पबांची माहिती देणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. एका बड्या कंपनीच्या बिअरविषयी त्यात इतका झणझणीत शेरा होता की, तो छपाईच्या वेळी बदलून सौम्य करावा लागला. १९७७ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये पहिला 'ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल' भरला.

या चळवळीपाशी ना सत्ता होती ना संपत्ती. स्वयंसेवक गावोगाव हिंडत, चव घेत, नोंदी करीत आणि चांगल्याला चांगले म्हणत. तरीही तिने बाजार बदलला. २००२ मध्ये लहान ब्रुअऱ्यांना करात सवलत मिळाली आणि २०२० च्या दशकाच्या आरंभी देशातील ब्रुअऱ्यांची संख्या अठराशेच्या आसपास पोहोचली. स्टोनच्या जूल्सचे नावही २०१० साली मार्केट ड्रेटन येथे पुन्हा उभे राहिले. २०१८ मध्ये तर लेस्टरशायरमधील माउंट सेंट बर्नार्ड मठातील ट्रॅपिस्ट व्रतस्थांनी, दूधधंदा परवडेना म्हणून, 'टिंट मेडो' ही एल बाजारात आणली. हेन्रीने विझविलेली चूल जवळपास पाच शतकांनी मठात पुन्हा पेटली.

अस्सल एल कशी ओळखावी

'अस्सल' म्हणजे काय? जव भिजवून मोड आणतात आणि भट्टीत वाळवतात, हे झाले माल्ट. ते भरडून सुमारे ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मुरविले की त्यातील पिठाची साखर होते. तो गोड रस हॉप घालून उकळतात, निववतात आणि त्यात यीस्ट सोडतात. काही दिवसांनी ती पिंपात भरतात, पण खमीर जिवंतच ठेवतात. पबच्या तळघरात पिंप आडवे ठेवले की आतील खमीर पुन्हा काम करू लागते. ही दुसरी आंबवण म्हणजेच अस्सल एलचा प्राण. मालक पिंपाच्या पोटावर मऊ लाकडाची खुंटी ठोकून जादा वायू जाऊ देतो, चव घेतो, वाट पाहतो. गाळ खाली बसावा म्हणून परंपरेने माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. वसई-पालघर किनाऱ्यावरील आमचे मच्छीमार बांधव घोळ माशाचा जो 'बोत' जपून काढतात, त्याच जातीची ही वस्तू. शाकाहारी मंडळींसाठी अलीकडे काही ब्रुअर तिच्याविना, जरा धूसर एल देतात.

पिंप एकदा उघडले की तीनेक दिवसांत संपले पाहिजे, नाहीतर एल आंबते. येथेच चांगला पब शोधण्याचे मर्म आहे. दहा-बारा हातपंप मिरविणाऱ्या रिकाम्या पबपेक्षा तीनच पंप असलेला गजबजलेला पब केव्हाही बरा, कारण तेथे पिंप लवकर फिरते. पंपाचा उंच दांडा मालक हाताने ओढतो, वायूचा दाब नसतो. एल तळघराइतकी, म्हणजे ११ ते १३ अंशांची गार असावी. बर्फासारखी नव्हे आणि कोमटही नव्हे. व्हिनेगरचा वास आला तर निमूट परत करावी. चांगला मालक वाद न घालता बदलून देतो. किंबहुना घेण्यापूर्वी घोटभर चव मागण्यात तेथे कोणी कमीपणा मानीत नाही. रोजच्या 'बिटर' एलमध्ये मद्यांश चार टक्क्यांच्या आगेमागे असतो. अर्धा पाइंट मागितला तरी चालतो, आणि केवळ लिंबूपाणी घेऊन बसणाऱ्यालाही उठवीत नाहीत.

लंडनमध्ये जाणाऱ्या वाचकांनी दोन पब जरूर पाहावेत, आत एल न घेता पाहिले तरी हरकत नाही. साउथवार्कमधील 'जॉर्ज' हा १६७७ साली पुन्हा बांधलेला, लाकडी सज्जांचा जुना घोडागाड्यांचा मुक्काम. आज तो नॅशनल ट्रस्टच्या मालकीचा आहे. चॉसरचे यात्रेकरू ज्या 'टॅबर्ड'मधून संत थॉमस बेकेट यांच्या समाधीकडे निघतात, तो जवळच होता. दुसरा 'ब्लॅक फ्रायर', जुन्या डॉमिनिकन मठाच्या जागेवरील. त्याच्या संगमरवरी भिंतींवर गुबगुबीत फ्रायर मासे पकडताना, गाताना कोरले आहेत. १९६० च्या दशकात तो पाडण्याचे घाटत होते. कवी जॉन बेटजेमन आणि इतरांनी आवाज उठवून तो वाचविला.

राखणदार कोण?

सारेच वाचले असे नाही. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या आसपास पब होते, २०२३ पर्यंत ते पंचेचाळीस हजारांच्या घरात आले. वाढते भाडे, कर, घरबसल्या मिळणारी स्वस्त बिअर आणि २०२० च्या महामारीतील टाळेबंदी ही कारणे सांगितली जातात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डडलीजवळचा 'क्रूकेड हाऊस' हा खाणींमुळे एका बाजूला कललेला अठराव्या शतकातील प्रसिद्ध पब विकला गेल्यावर काही दिवसांतच जळाला आणि दोन दिवसांत जमीनदोस्त झाला. गावकरी विटा गोळा करीत राहिले. २०२४ मध्ये स्थानिक कौन्सिलने तो पुन्हा बांधून देण्याचा आदेश मालकांना काढला.

उलट, कंब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट या लहानशा गावाने आधी १९९९ मध्ये ब्रुअरी आणि मग २००३ मध्ये 'ओल्ड क्राउन' हा पब सहकारी तत्त्वावर विकत घेतला. लंडनच्या नन्हेड भागातील रहिवाशांनी २०१३ साली 'आयव्ही हाऊस' असाच वाचविला. जेथे लोकांनी आपापली छोटी रक्कम घालून घर आपले म्हटले, तेथे दिवा तेवत राहिला. सहकाराची परंपरा जाणणाऱ्या आपल्या समाजाला हे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

इंग्लंडमधील मुलाने पबचे नाव काढले तर आईबापांनी लगेच घाबरून जाऊ नये. त्याने तेथे काय घेतले हे विचारण्याआधी कोणाबरोबर बसला, किती वाजता उठला आणि दुसऱ्या दिवशी कामावर वेळेवर गेला का, हे विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे नीट आली तर संत बेनेडिक्टांनाही त्यात वावगे दिसले नसते. ती नीट आली नाहीत, तर मग फादर मॅथ्यूंची आठवण मुलाला प्रेमाने करून द्यावी, आणि ती याच फोनवर द्यावी, पुढच्या पत्राची वाट पाहू नये.